कालवाचे कल्ले हिरवे का?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोकणातल्या खाड्यांमधल्या कालवांबद्दल (म्हणजे ऑयस्टरबद्दल) लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते : फ्रान्समध्ये हिरव्या कल्ल्यांची कालवं मुद्दाम तयार करतात आणि ती साध्या कालवांपेक्षा महाग जातात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते. पहिल्याला आणि तिसऱ्याला जास्त जागा दिली आहे, कारण सांगण्यासारखं तिथेच जास्त आहे.

*

प्रश्न : ताई, आम्ही ला रोशेलला राहतो. नाताळात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राने दोन डझन कालवांची लाकडी पेटी आणून दिली. उघडली तर प्रत्येकात आत हिरवीगार झालर. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे बुरसलंय, पोरांच्या पानात वाढू नकोस." नवरा म्हणाला, हिरवी तीच अस्सल. शेवटी पेटी बाल्कनीत तशीच राहिली आणि आम्ही ती टाकून दिली. कोणाचं बरोबर होतं? – एक वाचक, ला रोशेल, फ्रान्स

उत्तर : रंगाबद्दल तुमच्या यजमानांचं बरोबर होतं. पण अनोळखी शिंपला पोरांना देण्याआधी थांबणाऱ्या सासूबाईंचंही मला चुकीचं वाटत नाही. माझी आजी मालवणच्या किनाऱ्यावर जन्मभर कालवं काढत होती. खडकावरून कोयतीने कालव फोडलं आणि आत वेगळा रंग दिसला, की ती म्हणायची, "ह्यां हिरवां दिसता, टाक ता." तिला फ्रान्स माहीत नव्हतं, पण तिच्या खाडीपुरता तिचा नियम पक्का होता. तो का पक्का होता, ते चौथ्या पत्राच्या उत्तरात येईल.

तुमच्या पेटीतली कालवं बहुधा तुमच्याच जवळच्या गावची असणार. ला रोशेलहून गाडीने दक्षिणेला तासाभरावर मारेन गाव आहे, समोर ओलेरों बेट आणि मधे स्यूद्र नदीचं मुख. नदीच्या दोन्ही काठांना पूर्वी मिठागरं होती. मिठाचा धंदा बसला तेव्हा त्याच वाफ्यांमध्ये लोक कालवं ठेवू लागले. या वाफ्यांना तिथे 'क्लेर' म्हणतात. आपल्याकडचं मिठागर डोळ्यांपुढे आणा : चिकणमातीचे बांध, गुडघाभर पाणी, आणि मोठ्या भरतीलाच नव्या पाण्याला आत वाट. मधले दिवस पाणी निवांत पडून राहतं. वसंतात क्लेर रिकामी करून तळाचा चिखल उन्हात तडकेपर्यंत वाळवतात आणि मग पुन्हा पाणी घेतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मार्च होता, वारा झोंबत होता, आणि एक म्हातारे गृहस्थ लांब दांड्याच्या फावड्याने बांध लिंपत होते, अगदी आपल्याकडे भातखाचराचा बांध लिंपतात तसे. ती हातांची हालचाल पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात त्यातल्याच एका क्लेरचा तळ हिरव्या मखमलीसारखा दिसू लागला. शेजारच्या क्लेरमध्ये मात्र काही नाही. कुठे हिरवं येईल आणि कुठे नाही, हे पिढ्यान् पिढ्या धंदा करणाऱ्यांनाही छातीठोक सांगता येत नाही.

त्या मखमलीतला एक थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत होड्याच होड्या होत्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे सोनेरी-तपकिरी आणि दोन्ही टोकांना निळी शाई भरल्यासारख्या. मोठ्यात मोठी असली तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. आणि त्या हलत होत्या : सावकाश पुढे, थांबून सावकाश मागे. हा डायाटम, पाण्यातली एकपेशीय सूक्ष्म वनस्पती. त्याचं शास्त्रीय नाव हास्लिया ऑस्ट्रेआरिया. डायाटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात आणि मला ते नाव फार आवडतं, कारण त्याचं वाळूच्या काचेसारखं कवच खरंच कुंकवाच्या करंड्यासारखं असतं. वरचं झाकण थोडं मोठं, खालचं थोडं लहान. पेशी दुभंगते तेव्हा एकीच्या वाट्याला झाकण येतं, दुसरीच्या वाट्याला तळ, आणि दोघीही आपल्या वाट्याला आलेला अर्धा भाग झाकण मानून त्यात बसेल असा नवा तळ घडवतात. त्यामुळे दर पिढीला एक ओळ लहान लहान होत जाते. फार लहान झाल्या की नर-मादी पेशी एकत्र येतात आणि पुन्हा पूर्ण मापाची पेशी जन्मते.

टोकांतल्या त्या निळ्या रंगाचं नाव मारेनीन. पेशीच्या आत तो निळा दिसतो, पाण्यात उतरला की हिरवट होतो. आम्ल कमी-जास्त झालं की त्याची छटा पालटते. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो ना, तसाच प्रकार. समुद्राचं पाणी थोडं अल्कधर्मी असतं, म्हणून तिथे हिरवी छटा.

कालव दिवसभर पाणी कल्ल्यांतून ओढून गाळत असतं, तासाला काही लिटर. पाण्यात उतरलेलं मारेनीन कल्ल्यांना आणि तोंडाजवळच्या पापुद्र्यांना धरतं. डायाटम गाळून काढून नुसतं रंगीत पाणी दिलं तरी कल्ले हिरवे होतात. म्हणजे डायाटम खाल्ल्यामुळेच हिरवं होतं असं नाही, धुतल्या कपड्याला नीळ चढते तसा हा रंग बाहेरून चढतो. आणि उतरतोही. तीच कालवं साध्या समुद्राच्या पाण्यात काही आठवडे ठेवली की कल्ले पुन्हा फिकट पडतात.

पुढच्या वेळी पेटी आली तर एक करून पाहा. शिंपला उघडल्यावर मांसाच्या कडेची पातळ चुणीदार घडी काट्याने हळूच उचला. ती घडी म्हणजे प्रावार. तिची कड काळपट असते, ती तशीच असायची. तिच्या खाली एकावर एक चार पदर दिसतील, वहीच्या पानांसारखे, बारीक रेघांचे. ते कल्ले. हिरवा रंग तिथेच दिसला आणि बाकीचं मांस मलईच्या रंगाचं असलं, तर तो मारेनीनचा रंग. बुरशी अशी रेघेवर रेघ धरून बसत नाही.

तुमच्या सासूबाईंना पडलेली शंका युरोपातही जुनीच आहे. हिरव्या कालवात तांबं असतं, ती विषारी असतात, अशी भीती तिथे दीर्घकाळ होती. १८२० मध्ये गायों नावाच्या फ्रेंच निरीक्षकाने या हिरव्यामागे एक सूक्ष्म जीव आहे असं ओळखलं. तो हलताना पाहून त्यांना तो प्राणी वाटला आणि त्यांनी त्याला 'व्हिब्रिओ' गटात घातलं. १८८० मध्ये प्युसेग्यूर यांनी पांढऱ्या कल्ल्यांची कालवं ताटल्यांत ठेवून वर या डायाटमचं पाणी ओतलं आणि ती हिरवी होताना दाखवली. १८८६ मध्ये इंग्लंडमधल्या रे लँकेस्टर यांनी या रंगाला मारेन गावावरून नाव दिलं. डायाटमचं आजचं हास्लिया हे नाव १९७४ चं, ग्रेथे हास्ले या नॉर्वेजियन विदुषीच्या सन्मानार्थ. डायाटमचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पिढीच्या मुलींना त्यांचं नाव एका जीवाला मिळालेलं पाहून फार आधार वाटला होता.

आता पेटीवरच्या अक्षरांबद्दल. 'फीन द क्लेर व्हर्त' (क्लेरमधली हिरवी) असं लिहिलेलं असलं आणि लाल रंगाचं 'लाबेल रूज' हे गुणवत्तेचं चिन्ह असलं, तर हिरवा रंग ही त्या मालाची अटच आहे. हे चिन्ह या कालवांना १९८९ मध्ये मिळालं. मारेन-ओलेरों या नावाला २००९ पासून युरोपीय भौगोलिक मानांकनही आहे, आपल्या हापूसला आहे तसं. 'पूस आं क्लेर' लिहिलेलं असेल तर ती फार विरळ ठेवलेली, चौरस मीटरला जेमतेम पाच, आणि महिनोन् महिने क्लेरमध्ये वाढलेली. पेटीवरचा आकडा मापाचा असतो. तीन नंबर म्हणजे शिंपल्यासकट ६६ ते ८५ ग्रॅम. आकडा जितका लहान तितकं कालव मोठं.

चवीचं विचाराल तर क्लेरमधल्या कालवाचा खारटपणा सौम्य होतो आणि मागे थोडा हिरव्या बदामासारखा स्वाद राहतो. माझ्या जिभेला तो क्लेरच्या पाण्याचा आणि तिथल्या इतर खाद्याचा वाटतो, रंगाचा नव्हे. पण हे माझं मत आहे, मारेनच्या माणसांपुढे मी ते बोलत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. हिरवा रंग म्हणजे कच्चं खायला निर्धोक, असं कृपा करून समजू नका. कालव जे पाणी गाळतं त्यातले जंतूही त्याच्यात साठतात. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन नाताळाच्या हंगामात, फ्रान्समधल्याच आर्काशों उपसागरातली कालवं नोरोव्हायरसमुळे विक्रीवरून उतरवावी लागली होती. सासूबाईंना, लहान मुलांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला कच्चं देऊच नका. पेटी थंड जागी ठेवायची (तुमची बाल्कनी तशी बरी), कालवं खोलगट बाजू खाली करून. शिंपला उघडा दिसला तर बोटाने टकटक करा. मिटला नाही तर ते कालव मेलेलं, तेवढं टाका. आणि सासूबाई पुन्हा आल्या की कांदा, आलं-लसूण, थोडं वाटप आणि दोन कोकमं घालून कालवांचं सुकं करा. ते त्या नक्की खातील.

*

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. निसर्गात निळा रंग दुर्मीळ असतो असं वाचलं. मग मारेनीन मिठाईत किंवा आइस्क्रीममध्ये का वापरत नाहीत? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : छान प्रश्न. खाण्याच्या नैसर्गिक निळ्यासाठी आज स्पिरुलिनातला फायकोसायनिन हा रंग बाजारात आहे. स्पिरुलिना टाक्यांमध्ये भरपूर आणि दाट वाढते. हास्लियाला पृष्ठभागाला चिकटून राहायला आवडतं, ती दाट होत नाही, आणि तिचं मारेनीन पाण्यात फार विरळ उतरतं. ते गोळा करून मिठापासून वेगळं करायचं तर खूप पाणी गाळावं लागतं. शिवाय मारेनीनचा रेणू चांगलाच मोठा आहे, भार सुमारे १०,००० डाल्टन, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या साडेपाचशे पट. त्याची रचना उलगडायला रसायनशास्त्रज्ञांची कितीतरी वर्षं गेली आहेत. तुला रसायनशास्त्र आवडत असेल तर हे नाव लक्षात ठेव. आणि आत्ता घरच्या घरी करून पाहायचं असेल तर गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाक, रंग उतरू दे आणि वर लिंबू पिळ. रेणू वेगळा आहे, पण आम्लाने छटा कशी पालटते ते डोळ्यांपुढे दिसेल.

*

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकतो. मारेनीन जंतूंना मारतं असं वाचलं. आमच्याकडे कालवांच्या लार्व्हा व्हिब्रिओमुळे मरतात. हॅचरीच्या टाकीत अँटिबायोटिकऐवजी हा निळा डायाटम घातला तर चालेल का? बाहेरून कल्चर मागवता येईल का? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी सांगते : लार्व्हा म्हणजे कालवाची सूक्ष्म, पोहणारी पिल्लं, हॅचरी म्हणजे ती टाक्यांत वाढवायची जागा, आणि कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला डायाटम. तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्याला माझं उत्तर 'कदाचित, पण मोजून' असं आहे. दुसऱ्याला 'नको'.

आधी जे पक्कं आहे ते सांगते. हास्लियाच्या पाण्यातलं मारेनीन प्रयोगशाळेत अनेक समुद्री जिवाणूंची वाढ रोखतं. त्यांत व्हिब्रिओ एस्चुआरियानस आहे, जो फ्रान्समध्ये मोठी, विक्रीला आलेली कालवं मारतो. मघाशी सांगितलं ना, गायोंनी २०० वर्षांपूर्वी या डायाटमलाच व्हिब्रिओ म्हटलं होतं. आज व्हिब्रिओ म्हणजे जिवाणू, आणि त्याच्याशी हाच डायाटम झुंजतो. फ्रान्समधल्या ल माँ विद्यापीठातल्या आणि कॅनडात क्युबेकच्या रिमुस्कीतल्या संशोधकांनी मिळून यावर बरंच काम केलं आहे. त्यांनी निळ्या शिंपल्याच्या (इंग्रजीत मसल) आणि मोठ्या स्कॅलॉपच्या (पंख्याच्या आकाराचा शिंपला) लार्व्हांना व्हिब्रिओ स्प्लेन्डिडसचा संसर्ग दिला आणि पाण्यात हास्लियाचं गाळलेलं पाणी घातलं. मारेनीनचं प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यावर जास्त लार्व्हा तगल्या. तू विचारतोस त्या दिशेने जग निघालेलं आहे, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंदही आहे. हॅचरीत अँटिबायोटिक ओतण्याची सवय सुटावी असं मला मनापासून वाटतं.

पण तेच मारेनीन प्रमाण वाढलं की लार्व्हांनाच बाधतं. त्यांचं पोहणं मंदावतं, वाढ खुंटते, त्या मरतात. कोणती जात, किती दिवसांची लार्व्हा, किती प्रमाण, किती वेळ, यावर सगळं फिरतं. मोठं कालव महिनाभर हिरव्या पाण्यात मजेत राहतं म्हणून त्याची दोन दिवसांची लार्व्हाही राहील, असं धरायचं नाही. मोठ्याला शिंपला मिटून घेता येतो, गाळणं कमी करता येतं. तसं ते करतंही : अर्धवट वाढीच्या शिंपल्यांना आणि कालवांना मारेनीनच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांच्या खाण्याच्या आणि शिंपला उघडझाप करण्याच्या सवयी बदललेल्या दिसल्या आहेत. लार्व्हाला यातलं काही जमत नाही. ती सगळ्या अंगाने त्या पाण्यात असते.

हे मी वाचून सांगत नाही. परदेशात एका हॅचरीत मी एक हंगाम काम केलं होतं. आमच्याकडे शिंपल्याच्या लार्व्हा होत्या, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराला आलेल्या. आधीच्या आठवड्यात आम्ही एका टाकीला दहा लिटर निळं पाणी दिलं होतं आणि टाकी छान चालली होती. पुढच्या आठवड्यातही मी दहा लिटरच ओतलं. तोवर हास्लियाचं कल्चर जुनं आणि दाट झालं होतं, पाणी कपड्याला घालायच्या निळीसारखं दिसत होतं, आणि ते दिसत असूनही मी लिटरच मोजले, रंग मोजला नाही. सकाळी टाकीत विजेरी मारली. रोज उजेडाच्या झोतात धुळीसारख्या गरगरणाऱ्या लार्व्हा दिसायच्या. त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. तळाला फिकट गुलाबी साय बसली होती. पिपेटने थोडी उचलून काचेवर घेतली. शिंपले उघडे होते आणि आत पोहण्यासाठीचं केसाळ शीड असतं ते हलत नव्हतं. एखाददुसरीची फडफड चालू होती, तीही थांबत गेली. त्या टाकीचा सगळा घाणा गेला. ज्या बाईंच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीचा तो घाणा होता, त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. टाकी धुवायला त्या माझ्याबरोबर बसल्या. आजही मी कोणाला 'नैसर्गिक आहे, घाला बिनधास्त' असं म्हणताना ऐकलं की मला ती साय दिसते.

तेव्हा लिटर मोजू नकोस. गाळलेल्या पाण्यातला रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोज, त्यावरून मिलिग्रॅम काढ आणि आधी चंचुपात्रात, थोड्या लार्व्हांवर, चार-पाच प्रमाणं लावून पाहा. एक रांग नुसत्या समुद्राच्या पाण्याची ठेव. आपल्याकडची कालवं ही वेगळ्या जातींची आहेत, मद्रासेन्सिस, ग्रिफॉइडिस, खडकावरचं कुकुलाटा. क्युबेकच्या शिंपल्यावरचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावायचा नाही.

आणखी एक. मारेनीन इतर डायाटमनाही दाबतं. स्केलेटोनेमाची वाढ त्याने खुंटते, हे दाखवलेलं आहे. तुमच्या हॅचरीत स्केलेटोनेमा खाद्य म्हणून वाढवत असतील तर निळं पाणी त्या टाक्यांच्या आसपासही नेऊ नकोस. जंतू कमी होऊन खाद्यच मेलं तर लार्व्हा उपाशी मरतील, आणि तू दोष व्हिब्रिओला देशील. विषाणूंचंही असंच : मारेनीनने माणसाच्या हर्पीसच्या विषाणूला काचेच्या भांड्यात अडवलं आहे, पण २००८ पासून फ्रान्समध्ये कालवांची पिल्लं मारणारा हर्पीस निराळा आहे. नाव सारखं म्हणून औषधही सारखं, असं नाही.

आता कल्चर मागवण्याबद्दल. कालवाच्या इतिहासात परक्या पाण्यातून काही आणल्याच्या गोष्टी अनेक आहेत आणि त्यांतल्या कितीतरी दुःखाच्या आहेत. फ्रान्समध्येच बघ. १८६८ मध्ये वादळात अडकलेल्या एका जहाजाने पोर्तुगीज कालवांचा माल मेला असं समजून जिरोंद खाडीच्या मुखाशी समुद्रात टाकला. ती कालवं जगली, पसरली, आणि शंभर वर्षं सगळा धंदा त्यांच्यावर चालला. १९७० च्या आसपास विषाणूने ती संपली आणि मग जपानी कालव आणावं लागलं. आज मारेनला हिरवं होतं ते हेच जपानी कालव. एक जीव आणला की त्याच्याबरोबर काय काय येतं, याचा हिशोब आणणाऱ्याच्या हातात राहत नाही. जो डायाटम इतर डायाटमना दाबतो, तो हॅचरीच्या सांडपाण्यातून आपल्या खाडीत गेला तर परत गोळा करता येणार नाही.

त्यापेक्षा आपल्याच चिखलात शोध. बराच काळ निळी हास्लिया एकच आहे अशी समजूत होती. मग काळ्या समुद्रातून हास्लिया कारादागेन्सिस सापडली, २०१२ मध्ये तिला नाव मिळालं. भूमध्य समुद्रातली प्रोव्हिन्सिआलिस त्यानंतरची. आणि २०१९ मध्ये जावा समुद्रातून हास्लिया नुसांतारा, म्हणजे आपल्यासारख्याच उबदार पाण्यातली. कोकणातल्या खाजणांचा आणि जुन्या मिठागरांचा तळ या नजरेने पाहायला हवा. पावसाळा सरल्यावर, पाणी पुन्हा खारं झालं की, उथळ निवांत पाण्याच्या तळावरची पातळ साय चमच्याने उचल, त्याच पाण्यात ठेव आणि त्याच दिवशी काचेवर घे. निमुळती होडी आणि दोन्ही टोकांना निळं दिसलं तर मला लगेच कळव, मी गाडी पकडून येईन.

*

प्रश्न : आमच्या गावच्या खाडीत धक्क्याच्या खांबांवर कालवं आहेत. बायका ती काढून विकतात. या वर्षी काही कालवं आतून हिरवट-निळसर निघाली. तुमचा लेख वाचून आमच्या गटातल्या एकीने म्हटलं, ही तर फ्रान्ससारखी भारी कालवं, जास्त भाव लावू या. लावावा का? – महिला बचत गटाची एक सदस्य, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, भाव लावू नका आणि खाऊही नका. निदान तपासणी होईपर्यंत नाही. माझ्या वाक्यामुळे हा घोटाळा झाला, म्हणून तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला. इथे लिहिते ते इतरांसाठी.

कालव दोन अगदी वेगळ्या कारणांनी आतून हिरवं होतं. एक मारेनीन, ते वर सांगितलं. दुसरं तांबं. तुमच्या धक्क्याला लागूनच होड्या ओढून डागडुजी करतात आणि तळाला रंग देतात, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो लाल रंग लावतात, त्यात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. जुना रंग खरवडला की त्याचा चुरा पाण्यात जातो. कालव तांबं आणि जस्त साठवण्यात पटाईत. ते त्याच्या रक्तातल्या पेशींमध्ये साठतं आणि त्या पेशी हिरव्या होतात. लिव्हरपूलच्या बॉइस आणि हर्डमन यांनी १८९० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे युरोपातली तांब्याची ती जुनी भीती अगदीच निराधार नव्हती. सगळ्या हिरव्या कालवांना एकाच मापाने मोजलं, तिथे ती चुकली. तैवानमध्ये १९८६ च्या सुरुवातीला एर्जेन नदीच्या मुखाजवळची कालवं अशीच हिरवी झाली. नदीकाठी भंगारातून धातू काढायचा धंदा चालत होता आणि त्याचं सांडपाणी नदीत जात होतं. तिथल्या कालववाल्यांचा धंदाच बुडाला.

ओळखायचं कसं? मारेनीनचा रंग कल्ल्यांवर, पदरांच्या रेघांवर बसतो. तांब्याचा हिरवा-निळा डाग बाकीच्या मांसावर, प्रावारावर, ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो, तांब्याच्या हंड्यावर चढणाऱ्या कळंकासारखा, आणि जिभेला धातूची चव लागते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हिरवं कल्ल्यांच्या बाहेर, मांसाच्या फुगीर भागावर दिसतं आहे. शिंपल्याच्या बाहेरचं हिरवं मात्र यात धरू नका, ते साधं शेवाळ.

शिजवून तांबं जात नाही. उकळून पाणी टाकलं तरी जात नाही. माझ्या आजीचा नियम इथे बरोबर होता. तिच्या ओळखीच्या खाडीत हिरवं कालव म्हणजे बंदरातल्या होड्यांजवळचं कालव, हे तिने पाहून ठरवलं होतं.

धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. तुमच्या गटातल्या पाच घरांची चूल या कालवांवर चालते, हे मला माहीत आहे. धक्क्याच्या खांबांवरची सोडा. धक्क्यापासून दूर, खाडीत वर, होड्या लागत नाहीत तिथली कालवं वेगळी काढा आणि आधी दोन्हीकडची तपासून घ्या. पंचवीस कालवं धक्क्याची, पंचवीस वरच्या बाजूची, शिंपला न फोडता, वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्यांत. लोखंडी किंवा तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ पेन्सिलीने कागदावर लिहून पिशवीत टाका, शाई ओली झाली की पुसते. बर्फात घालून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या, बरोबर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात 'तांबं, जस्त, शिसं आणि कॅडमियम तपासावं' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'तपासणी व्हावी' असं लिहू नका. मसुदा मी उद्या टपालाने पाठवते आहे. निकालाचा कागद आला की त्याची प्रत मला पाठवा, इथे छापेन.